पूर्वपीठिका, परिच्छेद एक

परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर जिना संपला की डावीकडे, जिथे आज काचेच्या भिंती आहेत, तिथे पूर्वी कात्रण विभाग होता. सहा टेबलं, अकरा कात्र्या, डिंकाच्या बाटल्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एवढाच संसार. ह्या संसारात एकतीस वर्षं काढून ज्या बाई निवृत्त झाल्या त्यांना खात्यात सगळे कात्रीबाई म्हणत. नोकरीत होत्या तोवर पाठीमागे म्हणत, नंतर तोंडावर म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं. कामावरून पडलेलं नाव म्हणजे एक बक्षीसच, असं त्या शेजारपाजाऱ्यांना सांगायच्या.

मंगळवारी सकाळी घरचा फोन वाजला तेव्हा त्या गॅलरीतल्या झाडांना पाणी घालत होत्या.

"बाई, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण? जगात सगळेच मी असतात."

"संचालक बोलतोय." मग आवाज जरा खाली आला. "डिंक्या."

आज ज्याच्या दारावर पितळी पाटी आहे तो हा माणूस पंचवीस वर्षांपूर्वी कात्रीबाईंच्या हाताखाली लागला होता. पहिल्याच दिवशी त्याने एका राजदूताच्या पत्रावर डिंकाची अख्खी बाटली सांडली. पत्र टेबलाला असं चिकटलं की शेवटी टेबलासकट साहेबांच्या खोलीत न्यावं लागलं. तेव्हापासून तो डिंक्या. बढत्या मिळाल्या, केस पिकले, पण ते नाव काही निघालं नाही.

"गाडी पाठवतोय. लगेच या."

"शोकसभा वगैरे आहे का माझी? मी अजून आहे म्हटलं."

"थट्टा नको, बाई. पूर्वपीठिकेचं काम आहे. परिच्छेद एक."

कात्रीबाईंच्या झारीतलं पाणी कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरली, पाणी त्यांच्या पायावर आलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की फोन केव्हाच बंद झालाय.

आता ही भानगड नीट समजायची तर थोडं मागे जायला हवं. नदीच्या पलीकडे सहा देशांचा एक समूह आहे. कात्रीबाईंचा देश त्यात नाही. नदी मधे आली म्हणा, नाहीतर जुने मानापमान म्हणा, पण नाही. ह्या सहा देशांनी ठरवलं की आपलं सैन्य, आपल्या सीमा, आपली टेहळणी हे सगळं एकत्र करायचं. ह्याला म्हणायचं सामाईक संरक्षण धोरण. कात्रीबाई नोकरीला लागल्या तेव्हा हे धोरण 'आकाराला येत' होतं आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हाही ते 'आकाराला येत'च होतं. तेवढ्या काळात शेजाऱ्यांचा मुलगा जन्मला, शिकला, नोकरीला लागला आणि त्याला टक्कलही पडलं.

समूहाबाहेरचे देश ह्या धोरणाकडे कसं बघतात हे रोजच्या वर्तमानपत्रांतून कापायचं, चिकटवायचं आणि महिन्याच्या शेवटी त्याचं टिपण करायचं, हे विभागाचं काम. उत्तरेच्या मोठ्या देशाला लाल पेन्सिल. त्याचा कायम एकच प्रश्न असे, हे सैन्य कोणाविरुद्ध? उत्तर काहीही मिळो, त्याला ते आपल्याविरुद्धच वाटायचं. बेटांच्या देशाला हिरवी. तो लढाऊ बोटी बांधून विकायचा, त्यामुळे धोरण एक पाऊल पुढे सरकलं की त्याचे अग्रलेख साखरेत घोळून यायचे. डोंगरातल्या छोट्या देशाला पिवळी. त्याचं कोणाबद्दलच काही म्हणणं नसे आणि ते काही नसलेलं म्हणणं तो तीन रकाने भरून मांडायचा. स्वतःच्या देशाला निळी. निळी पेन्सिल सगळ्यात जपून वापरायची, असा दंडक होता.

काय दिवस होते ते! बेटांची वर्तमानपत्रं बोटीने यायची, गठ्ठा सोडला की दमट वास सुटायचा. डोंगरातली चार दिवस उशिरा आणि घडीवर घडी घालून लहान झालेली. उत्तरेच्या देशाची शाई इतकी कच्ची की गुरुवारी सगळ्यांचे हात कोळसेवाल्यासारखे व्हायचे आणि त्याच हातांनी डबे उघडले जायचे. जेवणाच्या सुट्टीत पैजा लागत, उद्याच्या लाल अग्रलेखात 'चिंताजनक' हा शब्द किती वेळा येणार. विभागप्रमुख म्हणजे थोरले साहेब. ते पैजेत भाग घेत नसत, पण आकडा मात्र हमखास त्यांचाच बरोबर निघे. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की सहाही टेबलांवरच्या कात्र्या एकदम चालायला लागायच्या आणि कोणी बोलत नसे. त्या करकर आवाजाची कात्रीबाईंना अजून आठवण यायची, रिकाम्या दुपारी तर फारच.

टिपणाच्या सुरुवातीला पूर्वपीठिका असायची. मागच्या महिन्याच्या टिपणातली ती जशीच्या तशी उतरवून काढायची, काना-मात्रेचा फरक न करता, आणि मग पुढे नवीन लिहायचं. पूर्वपीठिकेत भर घालायचा किंवा बदल करायचा अधिकार फक्त विभागप्रमुखाचा. भर कधीमधी पडे, पण आधीचं काही कुठल्याही विभागप्रमुखाने कधी बदललं नाही, कारण बदल करायचा म्हणजे आधीचं चुकलं होतं असं सही करून कबूल करायचं. एवढं धारिष्ट कोण दाखवणार? पुढे कात्रीबाई स्वतः विभागप्रमुख झाल्या. त्यांनीही नाही दाखवलं.

त्या पूर्वपीठिकेचा पहिला परिच्छेद असा होता: 'सदस्य देशाच्या संरक्षण खात्यातील एका जाणकार अधिकाऱ्याच्या स्पष्ट मतानुसार, या धोरणात बाहेरच्या देशांना दारातही उभे केले जाणार नाही. स्रोत विश्वसनीय. नाव विभागास ज्ञात.' सदतीस वर्षं, विभाग बंद झाल्यावरही, दर महिन्याला हे वाक्य कोणी ना कोणी उतरवून काढत आलं होतं.

गाडी खात्याच्या दारात थांबली. संचालक स्वतः खाली आला होता. वर गेल्यावर त्याने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि दार लावून घेतलं.

"बाई, ते धोरण आलं."

"कुठून आलं?"

"आकाराला आलं, बाई. खरंच आलं. मागच्या महिन्यात सहाही देशांनी सह्या केल्या. आता त्यांनी बाहेरच्या सगळ्या देशांना पत्र पाठवलंय. सहयोगी व्हायचं का? नदीवरची गस्त, पुराच्या वेळची मदत, पुलावरची तपासणी, असं सगळं मिळून करायचं. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत हवंय. हो म्हटलं तर बोलणी सुरू. नाही म्हटलं तर नदी ही त्यांची बाहेरची सीमा, आणि पुलावर सहा देशांचा एकच नियम."

"म्हणजे पुलावरचा रविवारचा पास?"

"बंद. कागदपत्रं, अर्ज, महिना दीड महिना थांबायचं."

कात्रीबाईंनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. पुलापलीकडे अर्ध्या तासावर त्यांची ताई राहत होती, दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून एकटी. दोघींना त्या एका रविवारच्या पासाचाच काय तो आधार होता.

"मग हो म्हणा की," त्या म्हणाल्या.

"मसुदा 'नाही'चा तयार आहे. बेचाळीस परिच्छेदांचा. सगळ्याचं मूळ एकच, त्यांना आपण कधी हवेच नव्हतो, हे पत्र म्हणजे नुसता देखावा. पण ह्या नव्या मंत्रीणबाई फार चौकस आहेत. काल त्यांनी पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे म्हणालं कोण? मी दप्तर उपसलं. 'नाव विभागास ज्ञात.' विभाग म्हणजे आता तुम्हीच उरलात." त्याने एक कागद पुढे सरकवला. "स्रोत विश्वसनीय होता एवढं लिहून सही करा. पाच मिनिटांचं काम."

कात्रीबाईंनी तो कागद पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "मला दुपारपर्यंत वेळ दे. आणि जरा एकटीला बसू दे."

"नाव सांगितलंत तरी चालेल."

"वेळ दे म्हटलं ना, डिंक्या!"

पंचवीस वर्षांपूर्वीचाच तो आवाज. संचालक मुकाट्याने बाहेर गेला.

तो रविवार कात्रीबाईंना काल घडल्यासारखा आठवत होता. त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. जेवणं झाली होती, सतरंजीवर पत्ते मांडले होते. ताई, भाऊजी आणि त्या. भाऊजी पलीकडच्या संरक्षण खात्यात होते हे खरं, पण काम काय, तर छावण्यांमधल्या गटारांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढायचे. माणूस मोठा हौशी. गोष्टी रंगवून सांगायचा, साहेबांच्या नकला करायचा, मेहुणी आली की घर दणाणून सोडायचा. एकच वाईट खोड, हरणं सहन व्हायचं नाही.

त्या दिवशी ते ओळीने चार डाव हरले. चौथ्या डावाला कात्रीबाईंनी हुकूम टाकला आणि वर चिमटा काढला, "भाऊजी, तुमचं ते सामाईक सैन्य असंच लढणार का हो? मग आम्हाला नदीवर पहाराच नको."

भाऊजींनी हातातली पानं सतरंजीवर आपटली. "होऊ द्या आमचं सैन्य एकदा, मेहुणीबाई! तुम्हा बाहेरच्यांना दारातही उभं करणार नाही!"

ताईला हसून हसून ठसका लागला होता.

सोमवारी विभागात टिपण पुरं करायचं होतं. त्यात 'सदस्य देशातील अधिकाऱ्यांचे मत' असा एक रकाना असे आणि तो तीन महिने कोरा जात होता. थोरले साहेब त्या कोऱ्या रकान्यावर नखाने टिकटिक करत आणि काही बोलत नसत, ते बोलण्यापेक्षा वाईट. कात्रीबाईंनी पेन उचललं. गटारांचे नकाशे काढणारा माणूस कागदावर जाणकार अधिकारी झाला, पत्त्यातला तोरा स्पष्ट मत झाला. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "शाब्बास." दोन वर्षांतली ती पहिली शाब्बासकी. पुढच्याच महिन्यात साहेबांनी ते वाक्य पूर्वपीठिकेत नेऊन बसवलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण खात्यातली गुपितं कॅन्टीनच्या आधी वर्तमानपत्रांत पोचायची. सहा महिन्यांनी डोंगरातल्या देशाच्या वर्तमानपत्रात छापून आलं, 'एका जाणकार अधिकाऱ्यानुसार बाहेरच्यांना दारातही थारा नाही.' मग बेटांच्या पत्राने ते उचललं. मग उत्तरेच्या मोठ्या देशाने, लाल पेन्सिलवाल्याने, त्यावर आठ रकान्यांचा अग्रलेख लिहिला. सगळे बाहेरचे देश एकमेकांचा हवाला देऊन तेच वाक्य बोलू लागले. आणि कात्रीबाईंनी काय केलं? ती तिन्ही कात्रणं कापली, आपल्याच परिच्छेदाखाली चिकटवली आणि समासात लिहिलं, 'दुजोरा.' डिंक वाळेपर्यंत बोटाने दाबूनही धरलं. आपलंच वाक्य गावभर हिंडून परत आलंय हे तेव्हा त्यांना कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण वाक्य बाहेरून, छापून आलं की ते जास्त खरं वाटतं, आणि हळूहळू त्यांनाही ते खरंच वाटू लागलं होतं.

आता सही केली तर पूल बंद. खरं सांगितलं तर नाव मातीत. आणि नुसतं आपलं नाव गेलं असतं तर त्यांनी ओठ आवळून सोसलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे भाऊजींना परक्या देशाच्या दप्तरात खबऱ्या म्हणून उभं करायचं. त्यांच्या पेन्शनवर ताई जगत होती. पलीकडच्या कोणा कारकुनाने चौकशी लावली तर?

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि ताईला लावला.

"काय गं, अवेळी? कोण गेलं?" ताईने विचारलं. सत्तरी ओलांडल्यापासून फोन आला की ती आधी हेच विचारायची.

"कोणी गेलं नाही. ताई, तुला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सतरंजी, चार डाव, कोरा रकाना, शाब्बास, तीन कात्रणं, मंत्रीणबाईंचं बोट.

"ताई? आहेस ना?"

"आहे."

"मला वाटलं तू हसशील."

"मला माहितेय गं हे सगळं," ताई म्हणाली. "त्यांनाही माहीत होतं."

कात्रीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डोंगरातल्या त्या पेपरचं कात्रण ह्यांच्या ऑफिसात आलं होतं," ताई सांगू लागली. "तुमच्यासारखी कापाकापी करणारे इकडेही होतेच की. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि विचारलं, ही कोणाची जीभ? अकरा जणांची चौकशी झाली. ह्यांनी आपलं वाक्य तिथल्या तिथे ओळखलं. घरी आले ते जेवले नाहीत. मला म्हणाले, पोट बिघडलंय."

"कधी सांगितलं तुला?"

"रिटायर झाल्यावर. तोवर मीही समजत होते की ह्यांना पत्त्यांचा कंटाळा आला."

कात्रीबाईंना ते सगळे रविवार आठवले. त्या दिवसानंतर काही महिन्यांनी भाऊजी बदलले होते. पत्ते काढले की त्यांचं डोकं दुखायचं. मेहुणी आली की टीव्ही लावायचे, मोठ्या आवाजात, आणि जेवतानाही तिकडेच बघत बसायचे. नकला गेल्या, गोष्टी गेल्या. हरण्याचा राग धरून बसलाय हा माणूस, असं कात्रीबाई आधी म्हणायच्या. नंतर म्हणू लागल्या, वय झालं. आणि मग काहीच म्हणेनाशा झाल्या, त्या टीव्हीची सवय झाली.

"माझा राग यायचा ना त्यांना?" त्यांनी विचारलं.

"छे गं. राग असता तर भांडले असते. तुझ्यासमोर परत तोंडातून काही निसटू नये म्हणून टीव्ही. मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी. तर मला शपथ घातली. म्हणाले, तिला कळलं तर ती सरळ जाऊन खरं सांगेल आणि नोकरी घालवून बसेल. तिचं सगळं त्या कात्रीवर आहे."

कात्रीबाई काचेच्या त्या खोलीत रडल्या. बाहेरून जाणाऱ्यांना सगळं दिसत होतं आणि त्यांनी तोंड वळवलंही नाही. त्यांना भाऊजींची फार, फार आठवण आली, त्या टीव्हीसमोरच्या नाही, सतरंजीवरच्या. इतक्या वर्षांचे रविवार त्या माणसाने गिळून टाकले होते, मेहुणीची नोकरी टिकावी म्हणून.

"लिही तू खरं," ताई म्हणाली.

"तुझी पेन्शन?"

"गटारांच्या नकाशातलं गुपित फुटलं म्हणून बंद करणारेत का? आणि केलीच तर तुझ्याकडे येऊन राहीन. तेवढा पूल मात्र उघडा ठेव."

दुपारी दोन वाजता कात्रीबाईंनी संचालकाला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग त्याचा चेहरा उतरला. तो उठून खिडकीशी गेला, परत आला.

"पत्ते?" तो म्हणाला.

"पत्ते."

"बाई, नव्या लोकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात तुमचं ते टिपण नमुना म्हणून आहे. 'मनुष्यस्रोतातून माहिती कशी मिळवावी.' मीच घातलंय."

"माहितेय. मला प्रत पाठवली होतीस."

त्याने खुर्ची जवळ ओढली. "असं करू. 'स्रोताची आज पुष्टी होऊ शकत नाही' एवढंच लिहा. खोटंही नाही. परिच्छेद गळेल, तुमचं नाव राहील, तुमच्या भाऊजींचा प्रश्नच येणार नाही. उगाच साप म्हणून भुई धोपटायला नको."

क्षणभर कात्रीबाईंना मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. किती सोयीचं वाक्य होतं! पण अशाच सोयीच्या वाक्यांत त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि ह्या वाक्याचं पुढे काय होणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पुष्टी होत नाही म्हणजे खोटं ठरलेलं नाही. कोणीतरी ते पुन्हा उतरवून काढलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पुष्टी होत नाही असं नाहीये. मी चुकले असं आहे."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि टाइप नको म्हणून हाताने लिहिलं: 'परिच्छेद एकमधील विधान माझ्या एका नातेवाइकाने घरी, पत्त्यांत हरल्यावर, रागाच्या भरात आणि थट्टेत केले होते. धोरणाशी त्यांचा कामानिमित्त काहीही संबंध नव्हता आणि आपले बोलणे कोणी लिहून घेत आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना अधिकारी व विश्वसनीय स्रोत मी ठरवले. परिच्छेदाखालील तिन्ही दुजोरे याच विधानाचे प्रतिध्वनी आहेत, हे मला चिकटवताना ठाऊक होते. विभागप्रमुख असताना ही चूक दुरुस्त करण्याचा अधिकार मला होता. मी ती केली नाही.' खाली सही, तारीख.

मग मसुदा पुढ्यात घेतला. पहिला परिच्छेद काढला. दुसरा सुरू होत होता 'वरील बाब लक्षात घेता', तोही काढावा लागला. तिसरा 'त्या अनुषंगाने'. चौथा 'अर्थातच'. दोघं शेजारी बसून रेघा मारत गेले, जुन्या दिवसांसारखे. विणलेल्या स्वेटरचा एक टाका सुटावा तसा तो बेचाळीस परिच्छेदांचा मसुदा उसवत गेला. साडेतीनला शेवटी हातात जे राहिलं ते अर्ध्या पानाचं होतं: नदीची लांबी, पुलांची संख्या, आणि एक वाक्य, की समूहाला आपल्याविषयी काय वाटते याची खात्रीलायक माहिती या खात्याकडे नाही.

"सदतीस वर्षांत कोणी त्यांना विचारलंच नाही?" संचालक म्हणाला.

"आपण वाचत होतो ना," कात्रीबाई म्हणाल्या. "विचारायची गरज कोणाला वाटली नाही."

मंत्रीणबाईंनी कात्रीबाईंचा कागद दोनदा वाचला असं नंतर कळलं. पाच वाजता उत्तर सही होऊन खाली आलं. चार ओळी. पत्र मिळाले, आभारी आहोत, बोलायला यायची आमची इच्छा आहे, कधी येऊ ते कळवावे.

निघताना संचालक लिफ्टपर्यंत आला. "बाई, ते पुस्तकातलं..." त्याला त्यांच्याकडे बघवेना. "काढावं लागेल."

"काढू नकोस. प्रकरण बदल फक्त. चुकांच्या प्रकरणात घाल, आणि माझ्या नावासकट घाल."

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, आधी ताईला फोन लावला. उत्तराच्या चारही ओळी वाचून दाखवल्या. ताईला बरं वाटल्याचं तिच्या श्वासावरून कळलं.

"आणि तो परिच्छेद?" ताईने विचारलं.

"काढला."

"सगळा?"

"सगळा. एक अक्षर नाही ठेवलं."

ताई हळू आवाजात म्हणाली, "बरोबरच केलंस. मी काही म्हणत नाही. पण सकाळपासून माझ्या मनात येतंय, दर महिन्याला कोणीतरी तिकडे बसून ह्यांचं बोलणं लिहून काढत होतं. ते गेल्यावरसुद्धा. ह्या घरात तर आता त्यांचा आवाज कुठेच नाही गं. तुमच्या त्या फायलीत ते अजून बोलत होते." आणि इतका वेळ धीराची असलेली ताई फोनवर रडायला लागली.

कात्रीबाईंनी तिला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी ते मला स्टॉपवर सोडायला आले होते. तू आत आवरत होतीस, तुला माहीत नसेल."

"कधी?"

"पत्त्यांच्याच दिवशी. माझी पिशवी त्यांनीच घेतली होती. बस वीस मिनिटं आली नाही, तेवढा वेळ उभे राहिले, एक शब्द न बोलता. मला वाटलं अजून रागात आहेत. बस आली तर माझ्या आधी तेच पायरीवर चढले आणि कंडक्टरला म्हणाले, आमच्या मेहुणीबाई आहेत, नदीपलीकडे उतरतील, जागा बघून द्या. मग खाली उतरून खिडकीशी आले. म्हणाले, रागात काहीतरी बोललो, मनावर घेऊ नका. आपलंच घर आहे. पुढच्या रविवारी जरा लवकरची बस पकडा."

"असं म्हणाले?"

"असंच म्हणाले. शब्दन् शब्द."

पलीकडे ताईने नाक पुसल्याचा आवाज आला.

"मग हे का नाही लिहिलंस गं," ताईने विचारलं, "त्या तुझ्या रकान्यात?"

कात्रीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तेव्हा मला ती बातमी वाटली नाही, ताई."